चिमीची मान आणि माझी खंजिरी

आमच्या घरात गाण्यातलं फक्त कुत्रीला कळतं, असं मी आठ दिवस गल्लीभर सांगत फिरलो.

चिमी म्हणजे आमची वीतभर उंचीची, लोंबत्या कानांची कुत्री. मोझरीच्या आश्रमात खंजिरीभजन ऐकून आल्यापासून मी रोज सकाळी खंजिरी घेऊन भजनाला बसू लागलो होतो. (गळा देवाने दिला नाही, उत्साह मात्र पोत्याने!) एके दिवशी मी थाप मारली आणि चिमीने जोरात मान झटकली. पुन्हा थाप, पुन्हा मान! मला भरूनच आलं. इतक्या वर्षांच्या संसारात असा श्रोता मिळाला नव्हता.

"अवो, तिले काहीतरी होऊन राहिलं," बायको म्हणाली.

"दाद देऊन राहिली ना थे!"

"मंग पायानं कान काहून खाजवते?"

"तल्लीन झाली म्हणून!"

दुसऱ्या दिवशी मी गल्ली गोळा केली. चिमीला पाटावर बसवून हार घातला. मी वाजवत गेलो, ती मान झटकत गेली, शेवटी कान जमिनीवर घासू लागली. "पाहा, लोटांगण!" मी ओरडलो. टाळ्या पडल्या. फक्त शेजारचे गादीवाले शकीलभाई वाकले आणि त्यांनी तिचा कान उलटून हुंगला.

"भाऊ, कान पिकला हिचा. वास येऊन राहिला. डॉक्टरले दाखवा."

"शकीलभाई, तुमाले भजनातलं काय समजते?" मी चारचौघांत म्हणालो. अजूनही आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

आठव्या दिवशी चिमी मान वाकडी करून बसली. खाईना, हाक मारली तर वळेना. माझी टरकली! अमरावतीहून तडक अकोल्याचा जनावरांचा मोठा दवाखाना गाठला. रस्ताभर ती माझ्या मांडीवर कण्हत होती. तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही कानांत दुर्बीण घालून पाहिलं, मळ काचेवर घेऊन तपासला.

"बुरशी आहे. लोंबत्या कानात हवा जात नाही, ओल राहते. किती दिवस मान झटकते?"

मी चिमीचा पट्टा नीट करू लागलो.

"आठ दिवस," बायको म्हणाली. "हे बाजूले बसून खंजिरी वाजवत होते."

"दुखऱ्या कानाजवळ?" डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता सुई मलाच टोचतात!

"तिला ऐकू येईल ना, डॉक्टर?"

"सूज उतरल्यावर कळेल."

मग दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ कान पुसून थेंब घातले. एवढं दुखत असूनही ती माझा हात चाटायची. तिने एकदा कडकडून चावा घेतला असता, तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी बायको म्हणाली, "ऐकू येते का नाही, पायून तर घ्या."

चिमी पाठमोरी बसली होती. मी जीव मुठीत धरून, बोटाच्या टोकाने, खंजिरीवर एकच थाप मारली. तिचे कान हलले. तिने वळून मला पाहिलं, उठली आणि सरळ शकीलभाईंच्या घरात निघून गेली.

"ऐकू येते जी तिले!" बायको ओरडली.

मी ढसाढसा रडलो. श्रोता उठून गेला म्हणून आनंदाने रडणारा अख्ख्या वऱ्हाडात मी एकटाच गवई असेन!