जाळीच्या आतलं कबूतर

ऑफिसचा ईमेल सर्व्हर माझ्या गळ्यात आहे. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हॅकरला आत शिरता येईल असं एक भोक निघालंय आणि ते बुजवणारं अपडेट दुपारपासून इन्स्टॉल होतंय. ते संपेपर्यंत मला खुर्ची सोडता येत नाही. समोरची खिडकी न उघडणारी. बाहेरच्या सज्ज्याला कबुतरांसाठी लावलेली जाळी कोपऱ्यात फाटली होती, ती सकाळीच आमच्या शिपाईकाकांनी नायलॉनच्या दोरीने घट्ट शिवली. आता आत एक कबूतर फडफडतंय. सज्ज्यातल्या एसीच्या डब्यामागे आधीच येऊन बसलं असणार. जाळीवर धडकतं, दमतं, पुन्हा धडकतं. बघवत नाही, आणि दुसरीकडे बघायला स्क्रीनशिवाय काही नाही.

"काका, शिवताना आत बघितलं नाहीत?" मी फोनवर वैतागून विचारलं.

"साहेबांनी भोक बुजवायला सांगितलं होतं. थांबा, कात्री घेऊन येतो."

तेवढ्यात अपडेट पूर्ण झालं. साहेबांचा लगेच मेसेज आला, "बुजलं ना भोक? मग आता काळजी नाही."

मी "हो" लिहिलं आणि पाठवता पाठवता थबकलो. आमचं भोक किती दिवस उघडं होतं, तेवढ्यात कोण आत येऊन बसलं, कुणाला ठाऊक?

कबूतर निदान फडफडतं तरी.