खीर होईपर्यंतचं घर

नांदेडहून रात्रभर ट्रॅव्हल्सनं हाडं खिळखिळी करून सकाळी काशीमिऱ्याला उतरलो. मांडीवर काचेची फ्रेम, तिच्यात उद्देशिका (संविधानाचं पहिलं पान). भाची सुजाता इथे नोकरीला. तिला पूनम सागर संकुलात भाड्याचं घर मिळालं होतं. सोसायटीची परवानगी तेवढी यायची होती.

रिक्षातून बघतोय तर नुसते टॉवर, फरसाणाची दुकानं आणि गर्दी. रिक्षावाल्याशी मराठीत बोललो, त्यानं हिंदीत उत्तर दिलं, पुढे मीही हिंदीत घुसलो. गाव आवडलं मला. इतक्या तऱ्हेची माणसं एका गल्लीत नांदतात म्हणजे संविधान इथे पोचलंय, असं वाटलं. काय भाबडा मी!

आमच्याकडे नव्या घरात आधी बुद्धवंदना, मग सगळ्यांनी मोठ्यानं उद्देशिका वाचायची, मग खीर. सुजाता म्हणाली, मामा, परवानगी येऊ द्या. मी ऐकतोय कशाला? सामान आलं म्हणजे घर झालं, म्हणत खिळा ठोकला.

वाचन चालू असताना सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. भला माणूस. चपला काढल्या, आमच्यात उभे राहून वाचू लागले. बंधुता हा शब्द त्यांनी आमच्याबरोबर म्हटला, मी कानांनी ऐकलं. खीर दोनदा घेतली. मग फ्रेमकडे बघत हळूच विचारलं, "आप लोगों में ये घर में पढ़ते हैं?"

सुजाताच्या जाधव आडनावावरून जे कळलं नव्हतं, ते त्यांना खिळ्यावरच्या फ्रेमवरून कळलं.

संध्याकाळी एजंटचा फोन आला. मालकाचा पुतण्या अचानक राहायला येतोय म्हणे, किल्ली उद्या द्या. सुजाता भांडी पुन्हा खोक्यात भरायला लागली. माझा जीव नुसता जळत होता.

सामान घेऊन नया नगरला तिच्या मैत्रिणीकडे, नसरीनकडे गेलो. दोन खोल्यांत पाच माणसं, तरी तिनं आम्हाला पोटभर दालचा-भात वाढला. सगळं ऐकून म्हणाली, "हमें तो नाम पूछकर दरवाज़े से ही लौटा देते हैं। तुम्हें खीर पकने तक तो रहने दिया।"

दोघी हसल्या. मी भात कालवत राहिलो. समतेसाठी, न्यायासाठी कोर्टात तरी जाता येतं. बंधुता कुणाकडे मागायची? कायद्यानं शेजारी आपला होत नाही.

निघताना सुजातानं फ्रेम पेपरात गुंडाळून माझ्या हातात दिली. "मामा, ही घेऊन जा. पुढच्या घरात मनातल्या मनात वाचीन."

नांदेडला आलो आणि आठवड्यातच शेजाऱ्यांच्या नव्या घरी वाचनाचं बोलावणं आलं. नेहमीसारखं मला पुढे बसवलं. न्याय, स्वातंत्र्य, समानता, इथवर माझा आवाज खणखणीत होता. पुढच्या शब्दाला मी नुसते ओठ हलवले.