मायनं मोकळा ठेवलेला कोपरा
दिग्रसचं वाचनालय सांभाळणाऱ्या बाई उभ्या राहिल्या, म्हणून एकोणीसशे साठच्या सुमारास तिथं झालेल्या चित्रकलेवरच्या व्याख्यानात मला वाचा फुटली. चौथीतच शाळा सुटलेली मी आमच्या बंजारा तांड्यावरून ऐकायला गेले होते. पाहुण्या प्राध्यापकांनी विलायती चित्रातली मोकळी जागा दाखवून तिला चिंतन म्हटलं, मग मायनं आरसे लावून टाक्यांनी भरलेली माझी पिशवी खांद्यावरून ओढून म्हणाले, “हा कोपरा भरायचा राहिला. अडाणी हात!” लोक हसले. बाई कडाडल्या, “तिथं चिंतन अन् इथं चूक काहून? तिलेच विचारा!” संतापून मी म्हटलं, “राह्यला नाही जी, मायनं ठेवला. सारं तिनंच भरलं, तर पाहणाऱ्यानं काय भरावं?” प्राध्यापकांनी भाषणाचं पान उलटलं. आज परमुलखात सुई हाती घेतली की तोच राग चढतो, टाके वाकडे पडतात. बाई अजून हयात असतील की नाही, ही धास्तीही असते. पण त्यांच्यासाठी एक पिशवी मी भरणारच, कोपरा मोकळा ठेवून.