रिकाम्या देव्हाऱ्याचा धनी

“भावजी, हे उठंनात हो…” सुभद्रावहिनींचा फोन आला तेव्हा मी अर्ध्या गालाला साबण लावून बसलो होतो. सकाळचे सात वाजले असतील. मी म्हणालो, “जागरण केलं असंल, झोपू द्या की.” “अंग गार पडलंय,” त्या म्हणाल्या, तेव्हा कळलं. तोंडावरचा साबण तसाच पुसला आणि सिडकोत त्यांच्या घरी पोचलो. रंगनाथ भिंतीकडं तोंड करून, डोक्याला रुमाल बांधून आडवा होता. म्हणजे पहाटेचं त्याचं देव्हाऱ्यासमोर बसणं उरकलं होतं आणि मग तो लवंडला होता. गड्यानं जातानासुद्धा नेम चुकवला नाही. याला आता दीड महिना होईल. या दीड महिन्यात त्याच्याबद्दल लोक जे जे बोलले ते मी ऐकलंय, आणि त्यात भर घालणारा पहिला खोटारडा मी आहे. म्हणून हे लिहितोय.

रंगनाथ मूळचा पिशोरचा. घराणं मेंढरं राखणारं. बापाच्या काळात कळप गेला आणि हा आयटीआय करून वाळूजला कारखान्यात फिटर म्हणून लागला. मी गंगापूरचा, त्याच कारखान्यात त्याच्याच पाळीला. डबा एकत्र, बस एकत्र, भांडणंही एकत्र. त्याचं लग्न झालं तेव्हा थोरल्या भावानं, दादारावांनी, रीतीप्रमाणं घरचे देव वाटून दिले. त्यांचे देव म्हणजे टाक, तळहाताएवढे चांदीचे पत्रे आणि त्यावर उठवलेली मूर्ती. खंडोबा, बिरोबा, भवानी आणि चौथा त्याच्या आजोबाचा. त्यांच्यात मेलेल्या वडीलधाऱ्याचाही टाक घडवतात आणि देवांच्या पंगतीला बसवतात. वहिनींनी ते चार टाक हळदीकुंकवानं पिवळे-लाल करून ठेवले होते. रोज सांजेला समई लावल्याशिवाय त्या चुलीला हात लावत नसत.

त्यांना एकच मुलगी, सोनी. नऊ वर्षांची होऊन तापानं गेली. तीन दिवस रंगनाथ दवाखान्याच्या पायरीवर बसून चारही टाकांना बोलत होता. सोनी गेल्यावर पंधरा दिवसांनी तो माझ्याकडं आला, काखेत टॉवेलचं गाठोडं. म्हणाला, “स्कूटर काढ, कायगावला जायचंय.” मला वाटलं पोरीचे कपडे असतील, गोदावरीत सोडायचे असतील. विचारलं नाही. असल्या वेळी कोण विचारतं? पुलावर गेल्यावर त्यानं गाठ सोडली आणि एकेक टाक मोजल्यासारखा पाण्यात टाकला. मी ओरडलो, “अरे येड्या, काय करतोस!” तो म्हणाला, “तीन दिवसात एकबी बोलला नाय. आता पाण्याशी बोला म्हणावं.” देव त्यानं बुडवले हे खरं, पण त्यांना पुलापर्यंत नेलं मी. वहिनींनी त्या दिवशी मला काही म्हटलं नाही, अजूनही नाही. नवऱ्याला मात्र एवढंच म्हणाल्या, “माझे देव तुम्ही घालवले, आता तुम्हीच आणा. तुम्ही ‘हा आपला’ म्हणाल त्या दिवशी मी समई लावीन. तवर नाय.”

झालं. त्या एका वाक्यापायी माझा दोस्त अठ्ठावीस वर्षं वणवण हिंडला. लोकांना वाटलं त्याला अध्यात्माची ओढ लागली. कसली ओढ! घरात एक रिकामा देव्हारा होता आणि एक बाई तो रोज कोरड्या फडक्यानं पुसत होती. आधी तो खुलताबादला दर्ग्यात जायला लागला. तिथनं डोक्याला रुमाल बांधून बसायची सवय आली आणि एक मोरपीस आलं. मोरपीस देव्हाऱ्यात आठ दिवस राहिलं. मग लेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या विहारात गेला, दहा दिवस मौनाच्या शिबिराला बसला. मातीचा लहानसा बुद्ध घेऊन आला आणि चार दिवस माझ्याशीसुद्धा बोलला नाही. मी वैतागून म्हणालो, “शिबिर संपलं ना रे? का तोंड तिथंच ठेवून आलास?” तेव्हा म्हणाला, “श्वासाकडं बघ म्हणत्यात. बघतो. आत सोनीच दिसते. शेवटच्या दिवशी तिचा श्वास कसा चालायचा ते दिसतं…” बुद्ध महिनाभर राहिला. उस्मानपुऱ्याच्या गुरुद्वाऱ्यात दर रविवारी लंगरची ताटं घासायला जायचा, तिथलं कडं त्याच्या हातात शेवटपर्यंत होतं. छावणीतल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचा. आपली चूक मोठ्यानं बोलायची असते ही तिथली गोष्ट त्याला फार पटली होती. दर शुक्रवारी तो बसमध्ये मला आठवड्याच्या चुका सांगायचा, अगदी कुणाचा पाना न विचारता घेतला इथपर्यंत. पुलावरची गोष्ट मात्र त्या यादीत कधी आली नाही.

मी त्याची लई टर उडवली. “रंगा, तुझी ही मिसळ झालीय. फरसाण एकाचं, रस्सा दुसऱ्याचा.” तो हसायचा. कधी कुणाच्या देवाबद्दल वाकडा शब्द काढला नाही त्यानं. प्रत्येक ठिकाणी चप्पल काढून, हात-पाय धुऊन, तिथल्या माणसासारखा बसायचा. पण घरी आणलेली प्रत्येक गोष्ट काही दिवसांनी उचलायचा आणि जिथली तिथं नेऊन द्यायचा. म्हणायचा, “चांगलंय, पण त्यांचं हाय. आपलं म्हणवत नाय.” एकदा मी त्याच्याबरोबर खुलताबादला गेलो होतो. तिथली दिवाबत्ती बघणाऱ्या म्हाताऱ्या मुजावरानं त्याला हटकलं, “कायको इत्ता ढूंडते जी? बैठ जाव नं चुपचाप.” रंगनाथ म्हणाला, “बैठाच हूँ चाचा, बीस साल से.” म्हातारा त्याच्या शेजारी येऊन टेकला. दोघं बराच वेळ तसेच बसले आणि मी बाहेर जाऊन चहा प्यालो. माझा कशावरच विश्वास नाही. त्याचा मला कधी त्रास झाला नव्हता, त्या दिवशी झाला.

जायच्या आठ दिवस आधी मी त्याच्या घरी गेलो होतो. वहिनी भाजी आणायला गेल्या होत्या. तो देव्हाऱ्यासमोर बसला होता, समोर नेहमीसारखं काही नाही. मला बघून म्हणाला, “नाय घावलं रे.” मी म्हणालो, “काय, चष्मा?” तो हसला नाही. “सगळीकडं माणसं चांगली भेटली, पण ज्याला विचारायचं होतं तो काय भेटला नाय. आता भेटंल असं वाटतबी नाय. हिला सांगायची माझी छाती होत नाय. ही अजून वाट बघती. मी गेल्यावर तू सांग.” मी म्हणालो, “मी काय तुझा पोस्टमन हाय का? तुझं तू सांग.” पण “सांगशील ना?” असं त्यानं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. एवढ्यात वहिनी आल्या आणि आम्ही शेपूच्या जुडीवर बोलायला लागलो.

तेराव्याला घर भरलं होतं. दर्ग्याकडचे दोघं आले, विहारातले आले, ताटं घासणारे सरदारजी आले. जो तो म्हणत होता, रंगनाथराव पोचलेला माणूस. वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, “भावजी, तुमच्यापासनं ते काय लपवत नव्हते. खरं सांगा. त्यांना घावलं होतं का?” हीच ती वेळ होती. शब्द त्यानंच दिलेले होते, मला फक्त उच्चारायचे होते. मी म्हणालो, “व्हय वहिनी.” “काय घावलं?” मी जिभेवर आलं ते बोललो, “शांती.” शांती म्हणे! रंगा असता तर पायातली काढून मारली असती. वहिनी “बरं” म्हणाल्या आणि पंगतीचं बघायला गेल्या.

महिन्याच्या आत दादारावांनी रीतीप्रमाणं रंगनाथचा टाक घडवून आणला. फेटा बांधलेला माणूस, हातात काठी. यानं जन्मात कधी काठी धरली नव्हती. वहिनींनी तो हातात घेऊन विचारलं, “याला बसवू कुणाच्या शेजारी?” दादाराव खाली बघत म्हणाले, “माझ्याकडले दोन देव आणून देतो.” वहिनी म्हणाल्या, “उसने नको.” मग अठ्ठावीस वर्षं ज्यानं त्या जागेसाठी काहीतरी शोधलं, त्यालाच एकट्याला तिथं बसवलं.

हा लेख छापायला देण्याआधी वहिनींना खरं सांगावं म्हणून परवा सकाळी गेलो. वर्तमानपत्रातून त्यांना कळणं बरं नव्हे, एवढी लाज मला अजून आहे. दार उघडंच होतं. वहिनी देव्हाऱ्यासमोर बसून फडक्यानं टाक पुसत होत्या. बाजूला समई, कोरडी, वातसुद्धा नाही. मी चप्पल काढत होतो तेव्हा त्यांचा आवाज आला, शेजारणीला विचारावं तसा साधा. “घावलं का हो तिकडं?” थोडा वेळ त्या थांबल्या, खरंच कुणी उत्तर देईल अशा. मग टाक जागेवर ठेवला आणि वळल्या तर दारात मी. माझा चेहरा त्यांनी पाहिला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, “रोज विचारते. काय बोलत नाय. बसा, चहा टाकते.”