साडूंचं लेबलवाचन

परमेश्वराने माणसाला डोळे का दिले, याचं माझ्या साडूंकडे एकच उत्तर आहे: डब्यामागचं लेबल वाचायला. वाचनाचं वेड असलेली माणसं जगात पुष्कळ असतील. पण बिस्किटाचा पुडा उघडण्याआधी उलटा करून, चष्मा कपाळावर सरकवून, मैद्यापासून मिठापर्यंत सगळं वाचणारा आणि शेवटच्या ‘वजन दोनशे ग्रॅम’ला मान डोलावणारा रसिक हा एकच. साडू मस्कतला एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते. दोन वर्षांनी एकदा महिनाभराच्या रजेवर मुलुंडला यायचे आणि तो महिना आम्ही नातेवाईक शिकवणीला बसल्यासारखे बसायचो.

विषय ठरलेला. आमच्याकडे लोणी डेन्मार्कचं, चीज हॉलंडचं, कोंबडी तर थेट फ्रान्सहून गोठून येते. हे ‘आमच्याकडे’ म्हणजे मस्कत बरं का. अख्खा जन्म मुलुंडात गेला, पण विमानातून उतरल्यावर ते एकदम ‘तुमच्याकडे’ झालं. मी मरोळला लोणच्याच्या कारखान्यात सुपरवायझर, त्यामुळे माझा खास उद्धार व्हायचा. ‘साडूभाऊ, तुमच्याकडे झाकणं गळतात. बाहेरचं पॅकिंग बघा जरा.’ मी हो हो म्हणायचो. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, करता काय!

एकदा हौसेने भाजी आणायला गेले. भेंडीचा भाव ऐकला, मनातल्या मनात त्याचे रियाल केले आणि भाजीवालीला म्हणाले, ‘मावशी, एवढ्या स्वस्तात तुम्हाला परवडतं कसं? आमच्याकडे याच्या चौपट आहे.’ दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या अख्ख्या बिल्डिंगला भेंडी महाग झाली. ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांच्या हातातली पिशवी कायमची काढून घेतली. त्यांच्या पुतण्यासाठी बोरिवलीला मुलगी बघायला गेलो, तर ती पोहे घेऊन आली तेव्हा हे टेबलावरच्या बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख शोधत होते. ‘तीन महिन्यांपूर्वीचा माल आहे हो,’ असं त्यांनी मुलीच्या वडिलांना अगदी आपुलकीने सांगितलं. ते लग्न जमलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

दर रजेत ताई विचारायच्या, ‘अहो, आता पुरे झालं ना?’ त्यावर साडू तिथल्या दूध पावडरचा भाव सांगायचे. मात्र त्या वर्षी ताई थट्टेच्या मूडमध्ये नव्हत्या. धाकटी झाली तेव्हा बाप मस्कतला. आता ती सव्वा वर्षाची होती आणि बाप जवळ आला की रडत माझ्या पायाला मिठी मारायची. मस्कतहून आणखी दोन वर्षांच्या कराराचा कागद आला होता. सही करून तो पोस्टात टाकायचा तेवढा बाकी. ताई मला म्हणाल्या, ‘तुम्ही तरी बोलून बघा. या वेळी सही केली ना, तर पोरगी त्यांना ओळखायचीच नाही.’

गेलो. मी तोंड उघडायच्या आत साडूंनी कपाटातून टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली काढली. लिंबाचं लोणचं, सील न तोडलेलं. मी सवयीने लेबल बघितलं आणि मनात गुदगुल्या झाल्या. इतक्या वर्षांच्या शिकवणीची फी आज वसूल होणार होती.

‘साडूभाऊ, मस्कतहून काय आणलंत? हे तर आमच्या मरोळचं लोणचं.’

‘माहीत आहे,’ ते शांतपणे म्हणाले. ‘शुक्रवारी सुट्टी असते. खोलीत सहा जण आणि एक पंखा. मग मी थंडगार दुकानात जाऊन उभा राहतो. काही न घेता उभं राहायचं तर काहीतरी वाचायला हवं ना. डेन्मार्क, हॉलंड वाचत वाचत खालच्या फळीवर आलो, तर मरोळ, अंधेरी पूर्व. तेव्हापासून दर शुक्रवारी आधी तीच फळी.’ मग त्यांनी पॅकिंगच्या तारखेवर बोट ठेवलं. ‘चार मार्च. धाकटी झाली तो दिवस. मला पत्राने कळलं तेव्हा ती वीस दिवसांची होती. ही बाटली दिसली आणि वाटलं, त्या दिवशी आपल्या घराच्या जवळपास होतं असं काहीतरी हाताला लागलं.’

‘आपल्या’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी त्या रजेत पहिल्यांदाच ऐकला. मला फार वाईट वाटलं. काय बोलायचं ते सगळं विसरलो आणि लोणी, दूध, भेंडी, जे आठवेल त्याचे भाव निम्म्याने कमी करून सांगत सुटलो. इथे राहायला आता काही फार लागत नाही म्हटलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ‘साडूभाऊ, तुम्हाला बाजारातलं काही कळत नाही,’ म्हणाले आणि हसले. दुसऱ्या दिवशी सही करून कागद पोस्टात टाकला.

बाटली मुलुंडलाच आहे, अजून कुणी उघडलेली नाही. कारखान्यात रोज सकाळी तारखेचा शिक्का बदलणं माझ्या हाताखालच्या माणसाचं काम आहे, पण आता ते मीच करतो. आणि त्या त्या तारखेला धाकटीने काय केलं, हे रविवारी मुलुंडला जाऊन ताईंना विचारतो आणि साडूंना पत्राने कळवतो. बाटली मस्कतला पोचायला दोन महिने लागतात, पत्र त्याआधी पोचतं.