सुनेचं तोंड आणि कुलपातलं यंत्र

कानिशाय चुकली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरला, एर्मेक सापारोविचला, माझ्या तोंडात शब्द कोंबायला नको. सुई चुकीच्या म्हाताऱ्याला गेली आणि ती तिनेच दिली. पण चूक कुणाची, हे विचाराल तर मी दुसऱ्याच माणसाकडे बोट दाखवीन.

कानिशाय माझी शेजारीण. लग्न होऊन आमच्या खोऱ्यात आली आणि इथल्या दवाखान्यात नर्स झाली. कामाला वाघीण. गोठलेल्या हातांनीही पहिल्या टोचणीत शीर सापडायची तिला. एकच अडचण होती, आणि ती या खोऱ्यातल्या प्रत्येक सुनेची आहे. सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषाचं नाव सुनेनं घ्यायचं नाही. नुसतं सासऱ्याचं नव्हे, त्याच्या भावांचं, चुलत्यांचं, साऱ्या भावकीचं. आणि आमच्या दवाखान्यात खाटेवर पडलेला प्रत्येक दुसरा म्हातारा तिच्या सासरच्या भावकीतलाच. नियम म्हणतो, सुई देण्याआधी नाव मोठ्यानं घ्या आणि रोग्याचा होकार घ्या. नियम लिहिणारा कुणाची सून नव्हता, उघड आहे.

कानिशाय आपली म्हणायची, "खिडकीजवळचे अता", "खोकणारे अता". अता म्हणजे वडील. चालत होतं.

त्या दिवशी साखरेच्या दुखण्याची सुई खिडकीजवळच्या अतांची होती. ते तोक्तोसुन, तिचे थोरले चुलत सासरे. सकाळी ओमुर्झाक नावाचा त्यांच्याहून म्हातारा माणूस भरती झाला, छातीत कफ घेऊन. आता आमच्यात दारापासून लांबची जागा मानाची, ती मोठ्याची. तोक्तोसुन उठले, उशी उचलली, "या, तुम्ही वर बसा" म्हणाले आणि स्वतः दाराजवळच्या खाटेवर जाऊन पडले. कुणालाही यात चूक दिसली नाही. दिसणार कशी? न उठले असते तर सगळ्या खोलीने त्यांना निर्लज्ज म्हटलं असतं.

दुपारी कानिशाय आली, सुनेच्या रीतीप्रमाणे नजर खाली, थोरल्यांच्या तोंडाकडे न बघता. "खिडकीजवळचे अता, सुई." पेंगुळलेल्या ओमुर्झाकने "हं" करून दंड पुढे केला.

थोड्या वेळात म्हातारा घामाने निथळला, थरथरला, बोलेनासा झाला. तोक्तोसुनच ओरडले, "अरे धावा, हा गार पडतोय!" कानिशाय धावली, बघितलं, ओळखलं. शिरेतून साखर चढवली. म्हातारा वाचला.

आणि ज्या यंत्राने ही पाळीच येऊ दिली नसती, ते कुठे होतं? एर्मेक सापारोविचच्या खोलीत, काचेच्या कपाटात, कुलपाआड, वर विणलेला रुमाल. रोग्याच्या मनगटाला पट्टी, पट्टीवर रेघा. यंत्र आधी पट्टीला दाखवायचं, मग औषधाच्या बाटलीला. जुळलं तर हिरवा दिवा, नाही जुळलं तर लाल दिवा आणि अशी किंकाळी की मेलेला उठेल. नर्सांना ते शिकवलं होतं. शिकवणारे गेले त्याच दिवशी कुलूप लागलं. का? "खराब होईल." वरून पाहणीला माणसं आली की बाहेर काढायचं, फोटो काढायचा, परत आत. लग्नातला चहाचा सेट आहे तो!

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीत सभा. कानिशायला काढायचं ठरवूनच एर्मेक आला होता. तिची सासू पहिल्या बाकावर. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले.

"ज्या नर्सला रोग्याचं नाव घेता येत नाही ती कसली नर्स?" एर्मेक म्हणाला. "घे तुझ्या थोरल्या सासऱ्याचं नाव. आत्ता, सगळ्यांसमोर. घेतलंस तर ठेवतो."

सासूने मान खाली घातली. तोक्तोसुन समोर बसलेले.

माझं डोकं फिरलं. "बाकीच्या नर्सांनाही उभं करा की, डॉक्टरसाहेब! सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या सुनाच आहेत. का तुमच्या घरी सून तुमचं नाव घेऊन हाका मारते?"

कुणीतरी फिसकन हसलं. एर्मेक लाल झाला. "तू कोण बोलणारी?"

"उद्या इथल्याच खाटेवर पडणारी!"

मग कानिशाय बोलली, हळू आवाजात. "आज घेईन नाव. पण जन्मभर गिळलेलं उद्या वॉर्डात तोंडातून निघेलच, असं मी सांगू शकत नाही. घाईत पुन्हा 'खिडकीजवळचे'च म्हणेन. माझ्या जिभेवर रोगी सोपवू नका, साहेब. ते यंत्र द्या."

तोक्तोसुन काठी टेकून उठले. "एर्मेक, किल्ली आण."

"अता, ते सरकारी सामान..."

"आणि मी काय खासगी सामान? आण म्हणतो ना!"

भरल्या सभेत म्हाताऱ्याला नाही म्हणायची छाती त्याच्यात नव्हती. कपाट उघडलं. त्याने यंत्र दुसऱ्या नर्सपुढे धरलं. तिने हात मागे घेतले. तिसरीनेही. "कानिशाय-एजेला द्या," ती म्हणाली, "तोवर आम्ही घेत नाही." एजे म्हणजे थोरली बहीण. शेवटी त्याला ते कानिशायच्याच हातात ठेवावं लागलं. ठेवताना तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ती वॉर्डात गेली. ओमुर्झाकच्या मनगटावर पट्टी बांधली, यंत्र धरलं. "काय गं सुनबाई," म्हातारा खोकत म्हणाला, "आता माझी ओळख डब्याला विचारणार?"

"हो अता. डब्याला सासर नाही."

कानिशाय कामावर आहे. तिच्यावरचा ठपका मात्र कागदोपत्री कायम आहे. तो एर्मेकने सूड म्हणून ठेवलाय आणि तो पुसला जाईपर्यंत मी दर आठवड्याला त्याच्या दारात जाऊन बसते. त्याच्यावर ठपका कुणी ठेवला? कुणीच नाही. सभेत मी विचारलं तेव्हा सगळे छताकडे बघत होते. रस्त्यात मी दिसले की तो मान वळवतो. वळवू दे. मी हाक मारते, मोठ्याने, बापाच्या नावासकट: "एर्मेक सापारोविच!"