नलूकाकींचे 'हे'

लालबागमध्ये अख्खा संसार करूनही 'गणपती' हा शब्द तोंडातून न काढलेली एकच बाई मला माहीत आहे. आमच्या मजल्यावरच्या नलूकाकी धुरी. विसर्जनाला सगळी चाळ 'गणपती बाप्पा' म्हणून ओरडली की ह्या गप्प, आणि मग सगळ्यांच्या वरचा आवाज काढून 'मोरया!' नवऱ्याचं नाव देवाच्या नावावरून आहे एवढं आम्ही ताडलं होतं. गणेश की गणपत, ते विचारायची वेळ कधी आली नाही. हळदीकुंकवाला उखाण्याची पाळी आली की काकी पदर तोंडावर घेऊन असं काही पुटपुटायच्या की शेवटी नुसतं हसू ऐकू यायचं.

नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे त्यांना आईने लग्नात कानात सांगितलेलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. ह्यावरून मी त्यांच्याशी पुष्कळ भांडले. त्या शांतपणे म्हणायच्या, "तू तुझ्या घोवाक सारख्या 'राजेश, राजेश' करतंस ना, म्हणान त्याका बारा महिने सर्दी." राजेशला, माझ्या नवऱ्याला, खरंच बारा महिने सर्दी असते, त्यामुळे मी तिथे हरायचे.

काकांचं नाव कुणालाच लागायचं नाही. ते गिरणीत जॉबर होते, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. गिरणी जाऊन तिथे टॉवर उभा राहिला, पण चाळीत ते जॉबरकाकाच राहिले. लेक बाबा म्हणायची. काकी 'अवो' म्हणायच्या आणि दुसऱ्यांपाशी 'आमचे हे'. आपलं नाव काकांच्या कानावर किती वर्षांत पडलं नसेल, देव जाणे.

मग काका विसरायला लागले. आधी नातवंडं विसरले, मग लेक, मग दात घासायचे कसे ते. लेक रडली तेव्हा काकींनीच तिची समजूत काढली. त्यांना एक आधार होता. आतून 'अवो' अशी हाक मारली की काका हातातलं टाकून म्हणायचे, "काय गो?" दिवसातून दहादा काकी उगाचच ही परीक्षा घ्यायच्या आणि पास झाल्या की गॅलरीत येऊन आम्हाला सांगायच्या, "माका ओळखतत हां अजून." मला त्यांचा हेवा वाटायचा आणि भीतीही. सगळं घर त्या एका 'काय गो'वर टेकलेलं होतं.

गेल्या मार्गशीर्षात एका दुपारी काकींचा डोळा लागला आणि काका उघड्या दारातून निघून गेले. काकी एकट्याच शोधत भारतमाता टॉकीजच्या सिग्नलपर्यंत गेल्या. दिसेल त्याला विचारत होत्या, "आमच्या ह्यांका बघितलास?" लोक विचारत, कोण हे, नाव काय? त्यावर काकी म्हणत, "ते ओ, आमचे." अशाने कोण सापडतं! मी शाळेतून आले आणि त्यांना धरून पोलीस चौकीत नेलं.

हवालदाराने नाव विचारलं. मी 'धुरी' म्हटलं, पण त्याच्या आधी गणेश लावायचं की गणपत, ते मलाही ठाऊक नव्हतं. कागदपत्रं लेकीकडे नालासोपाऱ्याला, तिचा फोन लागत नव्हता. हवालदार काकींकडे बघत होता. काकी जमिनीकडे.

"काकी, जीव महत्त्वाचा की नाव?" मी जवळजवळ ओरडलेच. "जिवासाठीच घेणा नाय ना गो!" त्या म्हणाल्या. माझं डोकं फिरलं. शेवटी म्हटलं, "मग उखाण्यात घ्या. उखाण्यात चालतं ना?"

काकींनी डोक्यावर पदर घेतला. चौकीत एक मोबाईल चोरीची तक्रार चालली होती, ती माणसंही थांबली. आणि ऐंशीच्या घरातली ती बाई टेबलासमोर उभी राहून, घसा साफ करून म्हणाली:

"परळच्या भोंग्यावर उठते सारी चाळ, गणपतरावांच्या नावाची गळ्यात माझ्या माळ."

कुणी हसलं नाही. हवालदाराने मान खाली घालून 'गणपत धुरी' असं लिहून घेतलं आणि काकींना बसायला खुर्ची दिली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. शिवडीच्या गोदामांपाशी पडलेला एक म्हातारा इस्पितळात आणला होता, वर्णन जुळत होतं. नाव माहीत नसलं की आपल्या भाषेत अमका आहे, तमका आहे, फलाणा आहे. सरकारकडे मात्र एकच शब्द. खाटेच्या पाटीवर लिहिलं होतं, 'अनोळखी पुरुष'. गुडघ्याला पट्टी बांधून काका छताकडे बघत पडले होते. सिस्टर म्हणाली, "नाव विचारलं तर 'अवो' म्हणतात. आम्ही पण अवोकाकाच म्हणतो."

काकींचा चेहरा उजळला. सगळं विसरून माणसाने तेवढंच एक जपून ठेवलं होतं. त्यांनी खाटेपाशी जाऊन हळूच हाक मारली, "अवो."

"काय गो?"

काकींनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच रडू आलं. त्या पाणी आणायला वळल्या. इतक्यात शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको, भायखळ्याची कुणी बाई, आपल्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, चहा घेता ना?"

आणि काका तिच्याकडे तोंड करून म्हणाले, "दी गो. साखर कमी घाल."

हे वाक्य रोज सकाळी आमच्या मजल्यावर ऐकू यायचं. ती बाई ओशाळून हसली. काकी पाण्याचा पेला हातात धरून उभ्याच राहिल्या. काय सांगणार होते मी, विज्ञान?

मग काकींनी पेला खाली ठेवला, खाटेवर वाकल्या आणि काकांच्या कानाशी, पदर न घेता, उखाणा न घेता, नुसतं म्हणाल्या, "गणपत." थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "गणपत, मी नलू."

काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. परक्या बाईशी बोलताना पुरुष जसे अदबीने बोलतात तसं, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं म्हणाले, "गणपत गिरणीत गेलो. सांजच्याक येतलो. काय काम होता?"

काकींनी खाटेखालचं स्टूल ओढून घेतलं.

"काम काय नाय," त्या म्हणाल्या. "ते येईपर्यंत मी हयच बसतंय."